"बाई, मी करू?" – सतत मदतीला पुढे असणाऱ्या मुलीचं वर्गात काय करायचं?

बकुळ, इंदिरानगर (नाशिक)

छोटा गट. २४ मुलं, वयं साडेतीन ते साडेचार. एक ताई, एक मावशी. वेळ सकाळी ९ ते १२.

यातली एक मुलगी ४ वर्षं २ महिन्यांची आहे. दप्तर खुंटीला अडकवायच्या आधीच "बाई, मी काय करू?" म्हणत समोर उभी राहते. बस्करं घालते, पाट्या वाटते, खडू गोळा करते. डब्याच्या वेळी दुसऱ्यांची झाकणं उघडते, बुटांचे पट्टे लावून देते, कोणी रडलं तर त्याचं नाक पुसते. काम करते तेही नीट. अडचण अशी की तिचं स्वतःचं काम (मणी ओवणं, कागद कापणं, ठिपके जोडणं) रोज अर्धवट राहतं. काही मुलं "तिलाच का?" म्हणून कुरकुरतात, तर तीन-चार जणांनी स्वतःचा डबा उघडणंच सोडून दिलंय, तिच्यापुढे डबा धरून बसतात. आणि हल्ली ती इतरांना "हाताची घडी, तोंडावर बोट" करायला लावते.

आई खूश आहे. आजोबा विचारतात, "पोरीला कामाला लावता का?"

तिचा उत्साह मोडायचा नाही. पण कामं कोणती द्यायची, किती, कशी वाटायची, कुठे थांबवायचं हे ठोस हवंय. "कौतुक करत राहा" एवढंच सांगू नका, प्लीज.

---

पाटावरची बाई, पंचवटी

उपाय ठरवायच्या आधी पाच दिवस नोंद करा. वहीच्या पानावर पाच रकाने: वेळ, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, तिने काय केलं, कोणी सांगितलं होतं का, आणि मदत झाल्यावर ती कुठे गेली. दिवसाला आठ-दहा नोंदी पुरतात. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो.

काम संपल्यावर ती आपणहून दुसरीकडे खेळायला गेली, तर तिला कामाचीच गोडी आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. काम संपलं की पुन्हा तुमच्या हाताच्या अंतरावर येऊन "अजून काय करू?" विचारते, तर तिला काम नको, तुम्ही हव्या आहात. अशा मुलीला कामं कमी केली की ती जास्त चिकटते. रोज दप्तर लावल्यावर दोन मिनिटं, काहीही काम न देता, तिच्याशी बोलत बसा. तिसरी शक्यता म्हणजे कात्री किंवा मणी निघाले की नेमकी तेव्हाच मदतीची हुक्की येते. मग ती ते काम टाळतेय. तिला कात्री जमते का, बोटांची पकड कशी आहे ते बघा. तुम्ही लिहिलेली तिन्ही अर्धवट कामं बोटांची आहेत, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. मणी बारीक असतील तर दोन सेंटिमीटरचे लाकडी मणी आणि टोक कडक असलेली बुटाची नाडी द्या. कापायला पूर्ण कागद न देता दोन सेंटिमीटर रुंद पट्टी द्या, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. मदतीचं अर्धं वेड तिथेच उतरलेलं दिसेल.

आता वाटणी. २४ मुलांना रोज नवं काम दिलं तर कुणालाच काही येत नाही आणि ताईचा वेळ समजावण्यात जातो. महिनाभर एकच काम दिलं तर बाकीच्यांनी वाट किती बघायची? सोपा हिशेब असा: सहा कामं, प्रत्येक कामावर दोन मुलं. या आठवड्यात १२, पुढच्या आठवड्यात उरलेली १२. काम पूर्ण आठवडा तेच. जोडी लावताना एक जमणारं आणि एक नवं. सोमवारी तुम्ही करून दाखवा, मंगळवारी-बुधवारी जोडीने करू द्या, गुरुवारपासून लांबून बघा.

सहा कामं: चपला-बुटांची रांग, बस्करं, साहित्य वाटप, हात धुण्याची जागा, डब्यानंतरचा केर, झाडं आणि पुस्तकं. तक्ता पुठ्ठ्याचा. या वयाला नाव वाचता येत नाही, म्हणून कपड्याच्या चिमट्यावर मुलाचा फोटो आणि कामाच्या चौकोनात खऱ्या वस्तूचा फोटो. चित्र नको. छापील चित्रातला लांब दांड्याचा झाडू आणि तुमच्या कोपऱ्यातला कुंचा यांचा संबंध सगळ्यांना लागत नाही. तक्ता जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर टांगा, चार वर्षांच्या मुलाची नजर साधारण तिथे असते. आपण मोठी माणसं तो आपल्या डोळ्यांसमोर टांगतो आणि मग मुलं बघत नाहीत म्हणून तक्रार करतो.

काम असं हवं की सुरुवात आणि शेवट मुलाला डोळ्यांनी दिसेल. "वर्ग आवर" हे काम नव्हे. "या टोपलीतली सगळी बस्करं या खडूच्या रेघेवर" हे काम. केर काढायला जमिनीवर खडूने ताटाएवढा गोल काढा आणि सगळा कचरा त्या गोलात आणायचा असं सांगा. गोल नसेल तर मूल कचरा सगळीकडे पसरवतं, कारण केर कुठे न्यायचा हेच त्याला कळलेलं नसतं. मोठी केरसुणी मुलाच्या हातात फिरत नाही, कुंचा आणि छोटी सुपली द्या. सुपली एकाने टेकवून धरायची, दुसऱ्याने लोटायचं. इथे जोडी खरी उपयोगी पडते.

बस्करं एका वेळी चारच. अख्खा गठ्ठा उचलला की पुढचं दिसत नाही आणि मूल अडखळतं. एक किलोच्या वर वजन या वयाच्या हातात नको. ट्रे नेताना दोन्ही हात, अंगठे वर, हातांची कोपरं अंगाला. आधी रिकामा ट्रे, मग त्यात एक वाटी, मग वाटीत दोन बोटं पाणी. ही पायरी गाळून थेट पाण्याचे पेले दिले की सांडतात आणि मूल घाबरून पुन्हा हात लावत नाही.

वाटपाच्या कामात गणित आहे, ते फुकट घालवू नका. सहा मुलांच्या गटाला वाटायला वाटीत पाचच खडू ठेवा. मूल एकेकाला देत जातं आणि शेवटचं रिकामं राहतं. "किती कमी पडले? आण बरं." एकास एक जोडणं आणि "अजून एक" हे दोन्ही तिथे कळतं. २४ जणांना एकदम वाटायला लावलं की गर्दी होते, दोघांना दोनदा मिळतं, एक रडतं.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं तेव्हापासून झाडणं, पुसणं, ओतणं, वाढणं हे शिकवण्याचंच साहित्य मानलं गेलंय. आपल्याकडे गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर (१९२०) आणि पुढे ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम याच वाटेवरचं. आपण याला जीवनव्यवहार म्हणतो. आजोबांना हे सांगून पटेलच असं नाही, त्याबद्दल कोणीतरी वेगळं लिहा.

---

वेलांटी, कॉलेज रोड

तक्ता ठीक, पण मला एक शंका आहे. तक्ता आला की मुलं म्हणू लागतात, "माझा नंबर नाही, मी का उचलू?" समोर पाणी सांडलेलं असतं आणि तिघं तक्त्याकडे बोट दाखवत उभी. म्हणून सहा कामं तक्त्यावर ठेवा, पण दारामागे एक उघडी टोपलीही ठेवा: दोन कोरडी फडकी, एक छोटी सुपली, एक कुंचा. ती कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. कोणीही, कधीही, न विचारता घ्यावी. तुमच्या मुलीला तिच्या सुट्टीच्या आठवड्यात ही टोपली खूप सोयीची जाईल.

मदतीची ओढ शिकवावी लागत नाही. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि तो हात लांबवून धडपडू लागला, तर मुलं उठून चिमटा देत. त्याने तोच चिमटा मुद्दाम फेकला, तर बहुतेक देत नसत. म्हणजे गरज आहे की नाही हेसुद्धा त्यांना कळतं. २००८ मध्ये त्यांनीच पाहिलं की वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं की पुढे ती मदत कमी करू लागतात. नुसतं कौतुक केलेल्या किंवा काहीच न दिलेल्या मुलांचं तसं झालं नाही. म्हणून हातावर तारा, चिकटपट्टीचा स्मायली, चॉकलेट हे सगळं बंद.

कौतुक करा, पण काय घडलं ते सांगून. "शाब्बास, गुणी बाळ" यात माहिती काही नाही. "सगळ्या बस्करांच्या कडा जुळल्या, आता कुणाचा पाय अडकणार नाही" यात आहे.

"मदतनीस" या शब्दाबद्दलही बोलायला हवं. २०१४ च्या एका अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना "मदत करायची का?" ऐवजी "मदतनीस व्हायचं का?" अशा धर्तीवर विचारलं, तर ती जास्त पुढे आली. हे वाचून अनेक वर्गांत "आजचा मदतनीस" असे बिल्ले आले. पण नंतरच्या अभ्यासात उलटी बाजूही दिसली: काम फसलं की बिल्लेवालं मूल लवकर हात आखडतं. सांडलं, म्हणजे मी मदतनीस नाही, असं त्याला वाटतं. तुमच्या मुलीला तर रोज हेच विशेषण मिळत असणार. ते थोडं कमी करा. शिवाय अंगणवाडीत मदतनीस हे एका बाईंचं खरं पद आहे, ते बिल्ल्यावर लावून खेळवायला मला तरी बरं वाटत नाही.

आणि "आधी तुझं काम, मग मदत" हे वाक्य जपून. क्रम म्हणून सांगितलं तर ठीक. लालूच म्हणून सांगितलं तर मणी ओवणं ही शिक्षा होते आणि मदत हे बक्षीस.

---

अंगणवाडीवाली, दिंडोरी

वरचं सगळं बरोबर. पण डब्याच्या वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

कोणत्याही मुलाने दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही, भरवायचं नाही, स्वतःच्या डब्यातलं दुसऱ्याच्या ताटात घालायचं नाही. तीन कारणं. एक, हात: हिने आत्ताच कुणाचं तरी नाक पुसलंय. दोन, शेंगदाण्याची चटणी किंवा दूध ज्याला चालत नाही त्याच्या डब्यात ते गेलं तर तुम्हाला कळणारही नाही. तीन, स्टीलच्या घट्ट झाकणाची कड. झाकण एकदम सुटतं तेव्हा ओढणाऱ्याचं बोट कापतं किंवा भाजी समोरच्याच्या अंगावर.

मदत करायचीच असेल तर तिने डब्याचं बूड दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरायचं आणि झाकण ज्याचं त्याने ओढायचं. एवढीच.

द्राक्षांचं तर बजावून सांगते, कारण नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल प्रत्येक दुसऱ्या डब्यात ती असतात आणि कोणाच्या तरी मळ्यातून वर्गासाठी पेटीही येते. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. गुळगुळीत, लवचिक, नेमकं त्या मापाचं. कापायचं ते उभं, चार फोडी. आडवं कापलं तर चकती गोलच राहते आणि धोका तसाच. बिनबियांचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, प्रश्न बीचा नाही, आकाराचा आहे. कापलेली द्राक्षंसुद्धा मोठ्यानेच वाढायची. आणि वाढायला उठणारी मुलं तोंडात घास घेऊन फिरतात, तुमची मुलगी नक्की फिरत असेल. नियम करा: तोंडात घास आहे तोवर बूड बस्करावर.

अडकलंच, मूल खोकू शकत नाही आणि आवाज निघत नाही, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कमरेला मिठी घालून बेंबीच्या वर मूठ, आत आणि वर असे पाच दाब. पुन्हा थापा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. हे ताई आणि मावशी दोघींना यायला हवं.

मुलांना कधीच न द्यायची कामं: गरम खिचडी किंवा दुधाच्या भांड्याजवळचं काहीही, फिनेल, विजेचं बटण, फाटकाची कडी, औषध, लहान मुलाला उचलणं, आणि दुसऱ्या मुलाला शी-शूला नेणं. शेवटचं अगदी सर्रास होतं. "जा गं, याला घेऊन जा" असं घाईत तोंडून जातं. त्याला सोबत मोठीच हवी.

ओतण्याच्या सरावाला वाटाणे, हरभरे, चवळी देऊ नका. नाकात किंवा कानात घातलं तर ओलाव्याने फुगतं आणि काढायला डॉक्टरच लागतो. थेट पाणीच घ्या. २५० मिलीचा छोटा तांब्या अर्धा भरून, चोच असलेला, खाली ट्रे.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. पुसण्याचं काम तेव्हा कोमट पाण्यात, नाहीतर हात फुटतात आणि मूल काम टाळू लागतं. आपण म्हणतो, कंटाळलं.

---

बकुळ, इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. नोंद आजपासून सुरू केली, आणि खरंच, कात्री काढली की ही पाटीच्या कपाटाशी. बूड धरण्याची युक्ती उद्यापासून.

दोन गोष्टी अजून. ती दुसऱ्याच्या कामात हात घालते तेव्हा त्या क्षणी नेमकं कोणतं वाक्य बोलायचं? आणि ज्या तीन-चार मुलांनी डबा उघडणं सोडलंय त्यांना पुन्हा कसं वळवायचं? "तुझं तू कर" म्हटलं की ती उपाशी बसतात.

---

पाटावरची बाई, पंचवटी

दुसरं आधी घेते, ते सोपं आहे. काम शेवटच्या पायरीपासून शिकवायचं. झाकण तुम्ही पूर्ण सैल करा, नुसतं ठेवल्यासारखं. मुलाने फक्त उचलायचं. उघडलं कोणी? त्याने. दोन दिवसांनी झाकण एका बाजूने थोडं बसलेलं ठेवा. मग दोन्ही बाजूंनी किंचित. आठ-दहा दिवसांत बहुतेक मुलं घरून आला तसाच बंद डबा उघडतात. सुरुवातीपासून शिकवलं तर पहिल्याच पायरीला, म्हणजे सगळ्यात अवघड जागी, मूल अडकतं आणि शेवट तुम्ही करता. म्हणजे यश रोज तुमच्या वाट्याला. बुटांच्या पट्ट्यालाही हीच पद्धत: पट्टा तुम्ही कडीतून ओढून घ्या, दाबून चिकटवणं त्याचं.

काही डबे मात्र मोठ्यांनाही उघडत नाहीत. दोन क्लिपांचे, रबरी कड्याचे. पालकांना चिठ्ठी द्या: रात्री रिकामा डबा मुलाच्या हातात देऊन बघा, त्याला तीन प्रयत्नांत उघडला नाही तर तो डबा शाळेत नको.

आता वाक्य. "नको करूस", "मध्ये मध्ये करू नकोस" यात तिला फक्त नकार ऐकू येतो, करायचं काय ते कळत नाही. शिकवायच्या तीन गोष्टी आहेत: थांब, विचार, ऐक. हात पाठीमागे, तीन श्वास. "मदत हवी का?" समोरचा "नको" म्हणाला तर "बरं" म्हणून बाजूला. हे भांडणाच्या क्षणी शिकवता येत नाही. सकाळच्या गोलात दोन बाहुल्या घेऊन करून दाखवा. एक बाहुली स्वेटरचं बटण लावतेय, दुसरी येऊन ओढते. मुलांना विचारा, पहिलीला काय वाटलं? मग तेच दृश्य विचारून. तीन-चार दिवस रोज तीन मिनिटं, प्रत्येक वेळी दुसरी वस्तू.

बाकीच्यांनाही वाक्य द्या: "मी करतो, तू थांब." बरीच मुलं नाही म्हणायला शब्द नसल्यामुळे गप्प बसतात आणि मग ढकलतात.

मग वर्गात ती कुणाच्या बटणाला हात घालताना दिसली की लांबून हाक नको. जवळ जा, तिच्या उंचीला बसा आणि एवढंच: "विचारलंस का त्याला?" बस्. पहिल्या आठवड्यात हे वीस वेळा म्हणावं लागेल, पण उपदेश त्याला जोडू नका. मदत घेणाऱ्याकडे वळून "तुला हवी होती का?" हेही विचारा, म्हणजे निर्णय त्याचा राहतो.

"हाताची घडी, तोंडावर बोट" बद्दल राग मानू नका, पण ते तिने कुठून तरी उचललंय. वर्गात दोन आठवडे ते वाक्य कोणीच बोललं नाही तर ती काय बोलते ते बघा. गप्प करण्याच्या जागी एखादी खूण आणा: टाळीचा ठेका, छोटी घंटी. घंटी वाजवणं तक्त्यावरचं काम करू नका, नाहीतर पुन्हा तीच पोलिस.

---

सिन्नर फाटा

आजोबांच्या प्रश्नावर. आजोबा चुकीचं विचारत नाहीत. वर्गाचा केर काढणं हे मावशींचं पगारी काम आहे, ते मुलांच्या अंगावर ढकललं जात नाहीये ना, हे कोणीतरी विचारायलाच हवं. त्यांना उत्तर द्यायचं तर असं: एक काम, पाच ते सात मिनिटं, मुलाने नको म्हटलं तर सक्ती नाही, आणि मुलांनी केल्यावर मावशी पुन्हा झाडतातच. हे चारही खरं असेल तरच सांगा. शक्य असेल तर आजोबांना एक दिवस सकाळी अर्धा तास बसायला बोलवा. खडूच्या गोलात केर आणणारं मूल प्रत्यक्ष बघितलं की निम्मा वाद मिटतो.

तक्ता महिन्याच्या शेवटी एकदा वेगळ्या नजरेने तपासा. केर आणि पुसणं मुलींकडे, उचलाउचल आणि "पुढारी" कामं मुलांकडे असं झालंय का? ठरवून कोणी करत नाही, तरी होतं. मावशी जे काम करतात त्याला मुलं "घाण काम" म्हणतात का, तेही ऐका. ताईने स्वतः आठवड्यातून दोनदा सुपली हातात घेतली तर हा शब्द फारसा टिकत नाही.

आणि केर काढणं शिक्षा म्हणून एकदाही नको. "दंगा केलास ना, आता झाड" असं एकदा म्हटलं की तुमचा अख्खा तक्ता वाया गेला.

---

वेलांटी, कॉलेज रोड

साहित्याचं राहिलं. प्लॅस्टिकची खेळण्यातली झाडू-सुपली घेऊ नका, तिने केर निघत नाही आणि मुलाला ते लगेच कळतं. छोटे तांबे, फुलपात्रं, हलके ट्रे भांडी बाजारात मिळतील. कुंचे आणि बांबूची छोटी सुपं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात बघा. सुपाच्या कडेला बांबूची कूस राहिलेली असते, काचपेपर फिरवून घ्या किंवा कापडी पट्टी शिवा.

पुसायची फडकी २० बाय २० सेंटिमीटरची, जुन्या सुती पंच्याची. मोठा नॅपकिन चार वर्षांच्या मुठीत मावत नाही, पिळला जात नाही, आणि मग मूल टेबलापर्यंत पाणी ठिबकवत जातं. फरशी ओली झाली की पुढचं मूल घसरतं. पिळताना मुलं दोन्ही हात एकाच दिशेला फिरवतात, म्हणून पाणी निघत नाही. एक मूठ आपल्याकडे, एक पलीकडे, हे मुलाच्या शेजारी बसून दाखवा. समोर बसलात तर त्याला सगळं उलटं दिसतं.

झाडांना पाणी घालायच्या आधी बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत. ओलं लागलं तर आज पाणी नाही. एका कुंडीला एक फुलपात्र. हा नियम नसेल तर पंधरा दिवसांत तुळस कुजते, कारण प्रत्येक मुलाला पाणी घालायचंच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये व्हरांड्यातल्या कुंड्या पावसानेच भिजतात, तेव्हा ते काम काढून त्या जोडीला रेनकोट झटकून खुंटीला लावायचं काम द्या. खुंट्यांखाली गोणपाट अंथरा. ते भिजलं की पिळायला मावशीच लागतील, मुलांकडून ओलं गोणपाट उचललं जात नाही.

---

बकुळ, इंदिरानगर

गोणपाटाचं लक्षात ठेवते. डब्यांच्या चिठ्ठ्या आज गेल्या. तक्ता सोमवारपासून, तिचं नाव पहिल्या आठवड्याच्या १२ मध्ये घालू की दुसऱ्या?

---

पाटावरची बाई, पंचवटी

दुसऱ्या. पहिला आठवडा कात्रीच्या पट्ट्यांना द्या, आणि दारामागची टोपली उघडी ठेवा.